मीटरवरचे लाल आकडे

वाघोलीतल्या आमच्या सोसायटीचं पाणी म्हणजे बोअर आणि टँकर. प्रत्येक फ्लॅटला मीटर आहे आणि करारात लिहिलं होतं की पाण्याचं बिल वापराप्रमाणे भाडेकरूने भरायचं. मी मात्र भाडं, डिपॉझिट आणि नोटीस पीरियड एवढंच नीट वाचलं. किल्ल्या घेताना मीटरचा आकडाही टिपून ठेवला नाही. पहिलं बिल फुगलेलं आलं, त्यात आधीच्या भाडेकरूचा वापर असावा असा संशय होता. पण सोसायटीच्या ऑफिसात भांडणार कशाच्या जोरावर? मुकाट्याने भरलं.

पुढची चूक याहून मोठी. बिल उतरेना, तेव्हा मी घरच्यांच्याच मागे लागलो. गुडघे दुखतात म्हणून आई स्टुलावर बसून शॉवरखाली अंघोळ करायची. तिला मी बादली-तांब्या घ्यायला लावला. ती काही बोलली नाही. ते मला अजून सलतं, कारण दोष तिचा नव्हताच.

शेवटी हिशेब मांडला. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर धरतात. म्हणजे आम्हा चौघांचे 540, महिन्याचे सोळा हजारांच्या आसपास. आमचा आकडा त्याच्या कितीतरी वर होता. अंघोळीतून एवढा फरक पडणं शक्यच नव्हतं. मीटरवर काळे आकडे हजार लिटरचे, लाल आकडे त्याखालच्या लिटरचे. रात्री सगळे झोपल्यावर ते लिहून ठेवले. सकाळी कुणी नळ उघडायच्या आत पाहिलं, तर लाल आकडे पुढे सरकलेले.

मग फ्लशच्या टाकीत खाण्याचा लाल रंग टाकला. फ्लश न करता अर्ध्या तासाने बघितलं, तर कमोडच्या मागच्या भिंतीवरून गुलाबी ओघळ उतरत होता. बोअरच्या क्षारांनी टाकीच्या तळाचं रबर कडक झालं होतं. टाकी मध्येच भरल्याचा आवाज मी रात्री कितीदा ऐकला होता! पण घर मालकांचं, दुरुस्ती त्यांनी करावी, आणि सांगायचा संकोच, यात महिने गेले. फोन केला तेव्हा घरमालक काका एवढंच म्हणाले, “अहो, प्लंबर बोलवा आणि पैसे भाड्यातून वळते करा.” रबर बदलायला खर्च किरकोळ आला.

बाकीचं सोपं होतं. नळांना एरिएटर बसवले. ते आट्यांवर फिरवून बसतात, घर सोडताना काढून नेता येतात. फक्त जुन्या जाळ्या जपून ठेवायच्या. आरओ मी पाणी न तपासताच घेतला होता. नंतर टीडीएस, म्हणजे पाण्यात विरघळलेल्या क्षारांचं प्रमाण, लिटरला 500 मिलिग्रॅमच्या वर निघालं, म्हणून आरओ ठेवावाच लागला. पण एक लिटर शुद्ध पाण्यामागे साधारण तीन लिटर बाहेर जातं. त्या पाण्याची नळी आता बादलीत सोडली आहे. ते पाणी फरशी पुसायला आणि संडासात वापरतो. कुंड्यांना घालत नाही, कारण त्यात क्षार आणखी वाढलेले असतात.

आईचा शॉवर त्याच आठवड्यात पुन्हा सुरू केला आणि तिची माफी मागितली. कराराचं नूतनीकरण करताना एक कलम घालून घेतलं: नळाचे वॉशर आमच्याकडे, फ्लश आणि भिंतीतले पाइप मालकांकडे. मीटरचा फोटो आता दर महिन्याच्या एक तारखेला काकांना व्हॉट्सअ‍ॅपवर जातो.