नाटक शिकून काय करणार?

कला ही फुरसतीची गोष्ट आणि विद्या ही पोटाची, अशी वांटणी आपल्या घरांतून पिढ्यान् पिढ्या चालत आली आहे. स्नेहसंमेलनांत मुलानें नाटकांत काम केलें म्हणजे आईबाप कौतुकानें पाहतात. परंतु त्याच मुलानें नाट्यशास्त्राची पदवी घेण्याचें मनांत आणलें कीं घरांत चिंता पसरते. एका विद्यार्थिनीच्या वडिलांनीं मला हेंच विचारलें, "सर, नाटक शिकून ही करणार काय?" प्रश्न रास्त होता. त्यांना जें उत्तर दिलें, तेंच येथें थोडक्यांत मांडितों.

विद्यापीठांत नाटक शिकवावें हा विचार नवा नाहीं. अमेरिकेंत पिट्सबर्ग येथें १९१४ सालीं नाट्यकलेचा पदवी-अभ्यासक्रम सुरू झाला. आज सावित्रीबाई फुले यांचें नांव धारण करणाऱ्या पुणें विद्यापीठांत १९८७ सालीं ललित कला केंद्र निघालें. तेथें नाट्य, नृत्य व संगीत या विषयांत पदवी घेतां येते. अशा ठिकाणीं केवळ अभिनय शिकून भागत नाहीं. दिग्दर्शन, नेपथ्य, प्रकाशयोजना, नाटकाचा इतिहास हीं अंगेंहि शिकावीं लागतात.

कांहीं विद्यापीठांतून आतां नाटकाच्या जोडीला संगणकाच्या पडद्यासाठीं लेखन व चालू काळाचे प्रश्न हेहि विषय घेतां येतात. वरवर पाहतां हे तीन विषय परस्परांपासून दूर वाटतात. पण तिन्हींचा गाभा एकच : दुसऱ्याच्या जागीं उभें राहून पाहणें. नट दुसऱ्याचें सुखदुःख आपलेंसें करितो. पडद्यासाठीं लिहिणाऱ्यास, अंगठ्याच्या एका हालचालीनें आपला वाचक निघून जाईल, हें ध्यानांत ठेवावें लागतें; चित्राचें वर्णनहि शब्दांत द्यावें लागतें, कारण अंध वाचकाचें यंत्र तेंच मोठ्यानें वाचून दाखवितें. आणि चालू प्रश्नांचा विद्यार्थी मोबाइलवर आलेली बातमी पुढें धाडण्यापूर्वीं ती कोठून निघाली व तिनें कोणास इजा होईल, याचा शोध घेतो.

हा मिलाफ आपल्याकडे अपरिचित नाहीं. पुण्यांत मिशनच्या शाळेंत शिकलेल्या जोतीराव फुल्यांनीं १८५५ सालीं ‘तृतीय रत्न’ हें नाटक लिहिलें. अंधश्रद्धेपायीं एका गरीब शेतकरी जोडप्याची होणारी लुबाडणूक त्यांत दाखविली असून शेवटीं तें जोडपें शाळेची वाट धरतें. दक्षिणा प्राइझ कमिटीनें तें नाटक स्वीकारलें नाहीं. चालू काळाचा प्रश्न लोकांच्या बोलींत रंगभूमीसाठीं मांडणें, हें काम जोतीरावांनीं कोणत्याहि अभ्यासक्रमावांचून केलें होतें.

आतां पोटाचा प्रश्न. केवळ रंगभूमीवर चरितार्थ चालविणारे थोडे, हें मीं त्या गृहस्थांपासून लपविलें नाहीं. कोणी चित्रपट, आकाशवाणी वा जाहिरातींत शिरतात. कोणी ध्वनि व प्रकाश सांभाळतात. कोणी शिक्षक होतात. कित्येकांना वाट बदलावी लागते. म्हणून प्रवेशापूर्वीं संस्थेस तीन गोष्टी विचाराव्या. वर्षांत विद्यार्थी स्वतः किती प्रयोग उभे करितात? त्यांचें लेखन कोण तपासून परत देतो? मागील तुकडीचे विद्यार्थी आज कोठें आहेत? उत्तरें मोघम मिळालीं, तर शुल्क भरण्याची घाई करूं नये.

मुलांनो, तुम्हांसहि एक सांगणें आहे. टाळ्यांच्या मोहानें या वाटेस जाऊं नका. खुर्च्या मांडतांना, दुसऱ्याची भूमिका पाठ करवून घेतांना, तेंच पान पांचव्यांदा लिहितांना ज्याला कंटाळा येत नाहीं, त्यानें खुशाल जावें. आणि पालकांनीं अशा मुलास, परीक्षेंत गुण कमी पडले म्हणून नव्हे, तर त्याची वृत्तीच तशी आहे म्हणून, आनंदानें निरोप द्यावा.