आठ वाघिणी

आमच्या माजघरात भिंतीलगत एका फळीवर मालगाड्यांचे यार्ड आहे. एक इंजिन, तीन रूळ, दोन सांधे आणि आठ वाघिणी, एवढाच त्याचा बारदाना. पाहुण्यांची मुले मोठ्या आशेने येतात, ‘बोगदा कुठे आहे?’ असे विचारतात आणि निराश होऊन चकल्यांकडे वळतात.

हा खेळ इंग्लंडातल्या ॲलन राइट यांचा. लांब रुळावर पाच वाघिणी मावतात, दोन आखूड रुळांवर तीन-तीन, आणि इंजिन जिथे मागेपुढे करायचे त्या तुकड्यावर इंजिनासह तीनच. आठ वाघिणींच्या आठ चिठ्ठ्या. त्यांतल्या पाच उचलायच्या आणि ज्या क्रमाने निघतील त्याच क्रमाने गाडी लावायची. ऐकायला पोरखेळ, पण अशा ६,७२० गाड्या होतात, हे मी फळ्यावर मांडून पाहिले आहे. आणि हवी ती वाघीण नेमकी दुसरीच्या पाठीमागे दडलेली! अमेरिकेतल्या जॉन ॲलन यांचा ‘टाइमसेव्हर’ याच जातीचा, पण तिथे घड्याळ लावून शर्यत खेळतात. ते मला रुचत नाही. यार्डात घाई करू नये, हे मी लहानपणापासून ऐकत आलो.

ऐकवणारे आमचे अण्णा. एका मोठ्या जंक्शनच्या यार्डात त्यांनी सारी नोकरी शंटिंगमध्ये काढली. तेव्हाच्या चारचाकी वाघिणींना स्क्रूचे कपलिंग असे. माणसाने दोन वाघिणींच्या मध्ये वाकून शिरायचे, कडी आकड्यात अडकवायची, स्क्रू आवळायचा. एका पावसाळी रात्री कुणाचा तरी इशारा चुकला आणि अण्णांच्या उजव्या हाताची दोन बोटे तिथेच राहिली. घरात तो विषय निघत नसे. मी एकदा खेळातली आगगाडी मागितली, तेव्हा ते भरल्या ताटावरून उठले होते. म्हणून चाळिशी उलटल्यावर हे यार्ड मांडले, तेही अण्णा गावी गेल्याचे पाहून, चोरासारखे.

आल्यावर त्यांनी त्याकडे महिनाभर पाहिलेही नाही. वसुबारसेच्या सकाळी मी चौथ्या वाघिणीशी अडून बसलो होतो. मागून आवाज आला, “अरे, आखूड रूळ अडवून बसलास कशाला? आधी तो मोकळा कर.”

मी मुकाट्याने केला. वाघीण दुसरीला टेकली, टिक् झाले आणि जोडली गेली. अण्णा वाकले. “पुन्हा कर पाहू.”

दात कोरायच्या काडीने मी ती सोडवली, पुन्हा जोडली.

“मध्ये कुणी जावे लागत नाही?”

“नाही, अण्णा. आपोआप अडकते.”

बराच वेळ ते काही बोलले नाहीत. स्वयंपाकघरातून चहा निवत असल्याची वर्दी दोनदा आली. मग त्यांनी स्टूल ओढले, तीन बोटांनी चिठ्ठ्या पिसल्या आणि पाच काढून ओळीने मांडल्या.

“इंजिन तू हाक,” ते म्हणाले. “इशारा मी देतो.”


मी त्यांच्या हाताकडे पाहत राहिलो.