मुलामा

गेल्या महिन्यातली गोष्ट. जर्मनीत नोकरीस असलेल्या माझ्या भाच्याने टपालाने एक जाडजूड, गुळगुळीत कागदाची पुस्तिका पाठविली. जुन्या मोटारींच्या विक्रीची ती सचित्र यादी होती. मोटारी बाळगण्याचा नाद मला नाही. असता तरी प्राध्यापकाच्या वेतनाने तो केव्हाच बरा झाला असता. परंतु लहानपणी मोटारींची चित्रे कापून वहीत चिकटविण्याचे वेड मला होते, आणि ती हकीकत त्याने आपल्या आईकडून ऐकली असावी. पुस्तिका आली तेव्हा माझ्या मेजावर आमच्या कुलवृत्तांताची मुद्रिते तपासण्यासाठी पडली होती. बारा पिढ्यांच्या पूर्वजांना अदबीने बाजूला सारून मी ती पुस्तिका उघडली, आणि एका पानावर थबकलो.

त्या पानावर १९३८ साली बनलेली एक 'होर्श' मोटार होती. चार दारांची, चोहोबाजूंनी बंद, संस्थानिकाच्या दारी शोभावी अशी. लांबलचक नाकाखाली आठ नळकांड्यांचे एंजिन. समोर ताटाएवढे दोन दिवे. रंग असा काळाभोर आणि चकचकीत, की छायाचित्रकाराच्या पाठीमागची झाडेसुद्धा त्यात दिसत होती. शेजारी तिचेच जुने चित्र होते : एका कोठारात गवताच्या भाऱ्यांमागे पडलेला गंजका सांगाडा. तिथपासून इथवरची कहाणी विक्रेत्याने मोठ्या अभिमानाने वर्णिली होती. कारागिरांनी तिचा एकूण एक खिळा सुटा केला. कुजलेला लाकडी साटा जुन्या मापाबरहुकूम नव्या लाकडात घडविला. पत्रे ठोकून सरळ केले, रंगाचा थर द्यावा, तो घासावा, पुन्हा थर द्यावा, असे कित्येकदा केले. बैठकींना नवे कातडे, छताला नवे लोकरी कापड. किंमत मात्र छापलेली नव्हती. ती विचारून घ्यावयाची होती. सराफाच्या दुकानात ज्या दागिन्याला चिठ्ठी लावलेली नसते त्याकडे आपण हात मागे बांधून पाहतो, तसा मी त्या पानाकडे पाहत राहिलो. खोटे कशाला सांगू? ती मोटार मला फार आवडली.

तिच्या नावाची कथाही गमतीची आहे. आउगुस्ट होर्श हे लोहाराचे पुत्र. जन्म १८६८ चा. कार्ल बेंझ यांच्या कारखान्यात नोकरी करून १८९९ साली त्यांनी कोलोन शहरी स्वतःचा कारखाना काढला आणि १९०४ मध्ये तो सॅक्सनीतील त्स्विकाऊ या गावी नेला. पुढे कारभारी मंडळींशी बिनसले आणि १९०९ साली त्यांना आपल्याच कारखान्यातून बाहेर पडावे लागले. त्याच गावात त्यांनी दुसरा कारखाना थाटला, तेव्हा न्यायालयाने निर्णय दिला की, होर्श हे नाव पहिल्या कारखान्याचे. ते आता खुद्द होर्श यांनाही वापरता येणार नाही! नव्या नावासाठी खल चालला असता एका सहकाऱ्याच्या मुलाने तोड सुचविली. तो बाजूला लॅटिनचा अभ्यास करीत बसला होता. जर्मन भाषेत 'होर्श' म्हणजे 'ऐक'. लॅटिनमध्ये तेच 'आउडी'. आज आपल्या रस्त्यांवरून धावणाऱ्या त्या महागड्या मोटारींचे नाव असे एका शाळकरी मुलाच्या गृहपाठातून निघाले. १९३२ साली हे दोन्ही कारखाने आणखी दोन कारखान्यांसह एका कंपनीत आले. एकमेकांत अडकविलेल्या चार कड्यांचे चिन्ह तेव्हापासूनचे. त्या चौघांत होर्श ही थोरल्या घरची सून. सगळ्यांत श्रीमंती गाडी तिची.

मोटारीच्या वर्णनाच्या अखेरीस बारीक टाइपात एक वाक्य होते : '१९३९ ते १९४५ या काळातील मालकीची माहिती उपलब्ध नाही.'

मी पुन्हा चित्राकडे पाहिले. मागच्या बैठकीवरचे कातडे नवेकोरे होते. तेथे पूर्वी कोण बसत असे? एखादा गिरणीमालक? एखादा डॉक्टर? की कोणी सेनाधिकारी? युद्धकाळात जर्मन सैन्यातील अधिकाऱ्यांच्या दिमतीस होर्श मोटारी असत, हे प्रसिद्धच आहे. जुने फाटके कातडे बोलले असते असे नव्हे; पण ते असते तर निदान विचारावेसे वाटले असते. नव्या कातड्याला काय विचारणार?

न्याय म्हणून सांगितले पाहिजे, की ही मोटार बनली ती युद्धापूर्वी. परंतु जिने ती बनविली त्या कंपनीने युद्धात छळछावण्यांतील ३,७०० हून अधिक कैदी वेठीस धरून राबविले. त्स्विकाऊ व केम्निट्स येथे राबविलेले इतर सक्तीचे मजूर सुमारे १६,५०० होते. हे कोणा शत्रूने लिहिलेले नाही. त्या जुन्या घराचा वारसा सांगणाऱ्या आउडी कंपनीनेच इतिहासकारांकडून संशोधन करविले आणि २०१४ साली तो ग्रंथ प्रसिद्ध झाला. आपल्याच पूर्वजांविषयी असे छापून घेणे सोपे नव्हते. ते छापल्यानंतर कंपनी काही बुडाली नाही, आणि जुन्या होर्शचे सौंदर्यही रतिमात्र उणे झाले नाही.

पुस्तिका मिटली, तो खाली आमची मुद्रिते. वर आले होते ते पान माझ्या आजोबांचे. मजकूर मीच लिहिलेला. 'स्त्रीशिक्षणाचे कैवारी, स्वतःच्या तिन्ही मुलींना त्या काळी इंग्रजी शाळेत घातले.' यात एक अक्षरही खोटे नाही.

पण आजोबांना एक धाकटी बहीण होती. नवव्या वर्षी लग्न, अकराव्या वर्षी वैधव्य. त्यानंतर साठाहून अधिक वर्षे ती वाईच्या आमच्या घरात होती. आम्ही मुले तिला आत्याआजी म्हणत असू. पहाटे चारला उठून ती चूल पेटवी. घरातल्या सगळ्या बाळंतिणींचे तिने केले, सगळ्यांच्या आजारपणात ती उशाशी बसली, आणि स्वतः जेवली ती नेहमी सर्वांच्या मागून. तांबडे आलवण नेसलेली तिची वाकलेली आकृती मला अजून दिसते. ती सोळा वर्षांची झाली तेव्हा न्हाव्याला बोलावणे पाठविले ते माझ्या आजोबांनीच, असे आईने मला एकदा हलक्या आवाजात सांगितले होते. दोनशे चाळीस पानांच्या कुलवृत्तांतात आत्याआजीचा उल्लेख कोठेही नव्हता. विक्रेत्याने निदान 'माहिती उपलब्ध नाही' एवढे तरी छापले होते. मला तर माहिती होती.

थोरले चुलतबंधू आमच्या वृत्तांताचे संपादक. त्यांना दूरध्वनी केला. ते म्हणाले, "अरे, हा कुलवृत्तांत आहे, चौकशीचा अहवाल नव्हे. आजोबांनी त्या काळच्या रीतीप्रमाणे केले. आणि तिचे नाव तरी कोणाला ठाऊक आहे?"

"शोधतो, दादा," एवढेच मी म्हणालो.

नाव सापडले ते पणजोबांच्या जमाखर्चाच्या वहीत, तिच्या लग्नाच्या खर्चाशेजारी. ते मी येथे लिहीत नाही; प्रथम ते घरच्या पुस्तकातच छापले जावे. आजोबांच्या मजकुरातला एकही शब्द मी खोडला नाही. मुलींच्या शाळेच्या वाक्याखाली बहिणीची हकीकत सात ओळींत लिहिली, न्हाव्यासकट. मृत्यूचा दिवस मला आठवेना, म्हणून तेवढी जागा कोरी ठेवून मुद्रिते दादांकडे धाडून दिली.

आठ दिवसांनी ती परत आली. त्या सात ओळींवर तांबड्या शाईची खूण कोठे नव्हती. कोऱ्या जागेत मात्र दादांच्या वळणदार अक्षरांत तिथी भरलेली होती. आत्याआजीला अग्नी त्यांनीच दिला होता.