गेलेल्या पाखरांच्या तारखा

थंडीच्या तोंडावर पहिला धोबी खाचरात उतरला की पक्षी पाहणारे लोक एकमेकांना फोन करून कळवतात. तोच धोबी चैत्रात कधी निघून गेला, हे मात्र फार थोड्यांच्या वहीत सापडतं. पाखरू आल्याचा दिवस आपोआप डोळ्यांत भरतो. गेल्याचा दिवस टिपायचा तर रोज त्याच बांधावर जावं लागतं आणि कालचं आज दिसत नाही हे ध्यानात यावं लागतं. माझ्या वहीत अशा जाण्याच्या तारखा आहेत. त्या ज्यांच्यामुळे आल्या, त्यांचं देणं माझ्यावर आहे.

1990 च्या दशकात कर्जतच्या पूर्वेला, राजनाल्याच्या भिजवणीतल्या एका गावात मी प्राथमिक शाळेत शिक्षक होतो. शाळेच्या मागच्या अंगाला भाताची खाचरं होती. त्यांतला एक तुकडा ठाकरवाडीतले एक गृहस्थ अर्धेलीने करायचे. वाडी त्यांना आबा म्हणायची, मीही आबाच म्हणू लागलो. ते मला गुरजी म्हणायचे, आणि वयानं मी त्यांच्या मुलाएवढा असूनही कधी अरे-तुरे केलं नाही.

राजनाल्याविषयी थोडं सांगितलं पाहिजे, कारण पुढचं सगळं त्या पाण्यावर उभं आहे. वर मावळात आंध्रा नदीवर ठोकरवाडीचं धरण आहे. ते पाणी एरवी इंद्रायणीला, तिथून भीमेला मिळून पूर्वेच्या समुद्राला गेलं असतं. टाटांनी ते सह्याद्रीच्या कड्यावरून खाली भिवपुरीच्या वीजघरात उतरवलं. वीजघर 1922 साली सुरू झालं. वीज करून सुटलेलं पाणी पेज नदीत येतं आणि त्यातलं काही राजनाल्याच्या कालव्यानं शेतांत जातं. म्हणून कोकणातली बाकीची खाचरं फाल्गुनात भेगाळलेली असतात तेव्हा आमच्या इथं उन्हाळी भाताची रोपं वीतभर पाण्यात डोलत असतात. उत्तरेकडे निघालेल्या पाखरांना हा हिरवा पट्टा वरून कसा दिसत असेल, याचा विचार मी कितीतरी वेळा केला आहे.

मार्चमध्ये त्या खाचरांत गर्दी असते. चिखलात ठिपकेवाल्या तुतवारी, बांधाच्या गवतात दबून बसलेले पाणलावे, काठीच्या टोकावर गप्पीदास. पिवळे धोबी थंडीभर मळकट दिसतात, पण आता त्यांचं पोट हळदीसारखं पिवळंधमक होतं. कालव्याच्या काँक्रीटवर शेपूट हलवत फिरणाऱ्या करड्या धोब्यांपैकी नराचा गळा काळा पडू लागतो. काटेसावरीवर भोरड्यांचे थवे तुटून पडतात. त्यांच्या पिसांच्या मळकट कडा झिजतात आणि खालचा गुलाबी रंग उजळत जातो. त्यासाठी त्यांना नवी पिसं धरावी लागत नाहीत. हे सगळं मी पुढे पुस्तकांत वाचलं. तेव्हा मला एवढंच कळायचं की पाखरं छान दिसू लागली आहेत. आबा म्हणाले, "छान नाय गुरजी, निघाली हायेत ती."

हे त्यांना कसं कळलं, ते त्यांनी काही लपवलं नाही. लहानपणी त्यांनी फासे लावले होते. वन्यजीव संरक्षण कायदा 1972 चा. त्याच्या आधीची ती गोष्ट, आणि वाडीत तेव्हा उपासमारही होती. मार्गशीर्षात धरलेला पाणलावा हाडं-कातडं असायचा, चैत्रात धरलेल्याची कातडी बोटाला तेलकट लागायची. उडण्याआधी पाखरू अंगावर चरबी धरतं, दिवसभर खात राहतं, रात्री अस्वस्थ असतं. शास्त्रज्ञांनी हे पाखरं तोलून-मापून मांडलं आहे. आबांच्या बोटांना ते भुकेनं शिकवलं होतं. त्या हातांनी फासे कधीच टाकून दिले होते, पण शिकलेलं विसरले नव्हते. ज्ञान कुठून कुठून येतं याचा विचार मी त्या दिवसापासून वेगळा करू लागलो. वर्गातल्या ठाकर-कातकरी मुलांकडे पाहण्याची माझी नजरही तेव्हापासून बदलली.

रात्रीचंही त्यांनीच दाखवलं. डुकरं भात तुडवतात म्हणून ते शेतात माळ्यावर झोपायचे. एकदा मलाही बोलावलं. मध्यरात्रीनंतर काळोखातून, बऱ्याच उंचावरून, तुतवारीची तीनपदरी शीळ आली. थोड्या वेळानं आणखी एक, तिच्याही उत्तरेला. लहान पाखरांतली बरीचशी लांबचा प्रवास रात्री करतात. हवा थंड आणि शांत असते, ससाण्यांचं भय कमी असतं. आबांनी फक्त बोट वर करून डोंगराच्या बाजूनं उत्तरेकडे फिरवलं.

पण मला सगळ्यात जास्त चकित केलं ते त्यांच्या हिशेबानं. ते सणांवरून सांगायचे: भोरड्या शिमग्याला सावरीवर, करडा धोबी पाडव्याच्या सुमाराला जाणार, पिवळा अखितीच्या आत. मी म्हटलं, आबा, पाडवा तर दर वर्षी मागे-पुढे होतो. ते म्हणाले, "धोंड्याचा महिना झाला की फुडल्या साली पाडवा लांबतो. पाखरू नाय लांबत." मी घरी येऊन पंचांग काढून बसलो. आपले महिने चंद्राचे. दर वर्षी ते सुमारे अकरा दिवस मागे सरकतात आणि अधिक मास त्यांना पुन्हा पुढे ढकलतो. 2023 साली पाडवा 22 मार्चला होता. त्या वर्षी अधिक श्रावण आला, आणि 2024 चा पाडवा थेट 9 एप्रिलला गेला. पाखराच्या शरीरातलं घड्याळ लांबत्या दिवसाच्या उजेडावर, म्हणजे सूर्यावर चालतं. दोन्ही हिशेब आबा एकाच वेळी डोक्यात धरत होते, आणि त्यांना अक्षर येत नव्हतं. भूगोलाच्या तासाला मी मुलांना पृथ्वीच्या कललेल्या आसाबद्दल सांगायचो तेव्हा खिडकीतून तेच खाचर दिसायचं.

त्या उन्हाळ्यापासून मी वही ठेवली. सलीम अलींचं 1941 चं पक्ष्यांवरचं पुस्तक माझ्याकडे आधीपासून होतं. त्यांनी 1930 साली आमच्याच जिल्ह्यातल्या, तेव्हाच्या कुलाब्यातल्या किहीम गावी सुगरण पक्ष्यांची वसाहत दिवसेंदिवस पाहून त्यांच्या संसाराची रीत उलगडली, हेही वाचलं होतं. एका जागी चिकाटीनं बसून काय हाती लागतं, त्याचं ते मोठं उदाहरण. आबांचा बांध त्याच जातीचा होता, एवढं मला उशिरानं का होईना कळलं.

एका एप्रिलमध्ये त्यांना मी किहीमला घेऊन गेलो. ओहोटीच्या वाळूवर चिखल्यांचा थवा धावत होता. काहींच्या छातीवर विटकरी पट्टा चढू लागला होता. ही पाखरं आबांनी कधी पाहिली नव्हती. बराच वेळ उकिडवे बसून त्यांनी पाहिलं. धावायचं, थांबायचं, टिपायचं, पुन्हा धावायचं. जराही उसंत नव्हती. "ही पण जायाची," ते म्हणाले. मग विचारलं, "तिकडं कोनी लिवतं का, आल्याचं?"

मला उत्तर देता आलं नाही. आपल्याकडे असं लिहिणंच तेव्हा नीट सुरू व्हायचं होतं. 2007 साली मायग्रंटवॉच नावाचा उपक्रम निघाला तो नऊ पाहुण्या पक्ष्यांच्या आगमनाच्या तारखांपासून. जाण्याच्या तारखा त्यात मागाहून आल्या. आता ईबर्ड या संकेतस्थळावर कोणीही दिसलेल्या पक्ष्यांची पूर्ण यादी देऊ शकतो, आणि यादी पूर्ण असेल तर त्यात जो पक्षी नाही त्याचं नसणंही नोंदलं जातं. आबा आयुष्यभर हेच करत आले होते. हे सगळं मला समजलं तोवर ते एका पावसाळ्यात गेले होते.

आता करडा धोबी आमच्या कालव्यावरून दिसेनासा झाला की मी हिमाचल आणि उत्तराखंडातल्या नोंदी उघडतो. तिथल्या ओढ्यांवर कोणी ना कोणी तो आल्याचं लिहिलेलं असतं. आमच्याकडून गेलेला तो हाच, असं म्हणता येत नाही, कारण त्याच्या पायात कडी नाही. पण आबांच्या प्रश्नाला उत्तर आहे: लिहितात, आबा, तिकडेही लिहितात.

खाचरं पूर्वीएवढी राहिली नाहीत. कर्जत आणि शेजारचं खालापूर, दोन्हीकडे शेतांच्या जागी फार्महाऊसं आणि कुंपणं आली. खालापूरकडे पाताळगंगेच्या काठानं कारखाने आहेत, मधून रस्ते गेले आहेत. ज्या वर्षी कालव्याला पाणी उशिरा सुटतं त्या वर्षी उन्हाळी भात कमी लागतं आणि तुतवारी थांबत नाहीत, हे माझ्या वहीत वर्षावर्षानं दिसतं. मला याचं वाईट वाटतं, आणि ते मी जिथं संधी मिळेल तिथं बोलतो. पाहुणी पाखरं वाचवायची म्हणजे आपल्याला तळी आणि खाड्या आठवतात. कोणाच्या तरी अर्धेलीच्या तुकड्यात साठलेलं वीतभर पाणीही त्यात धरलं पाहिजे.

त्या तुकड्यात आबांची नात अजून उन्हाळी भात लावते. माझे गुडघे आता रोज बांधावर जाऊ देत नाहीत, म्हणून एप्रिलमध्ये नोंदी तिच्या असतात. ती संध्याकाळी फोन करते, पक्षी आणि संख्या सांगते, मी यादी भरतो. निरीक्षकाच्या जागी मी तिचं नाव घालतो. पिवळ्या धोब्याच्या शेवटच्या तारखेवरून आमचा गेल्या वर्षी वाद झाला, आणि तिनं सांगितलेली तारीख यादीत राहिली.