कुंडलिका नदीवरील दोन दिवस

नदी म्हटली कीं आपणां नागापूरकरांच्या डोळ्यांपुढें सीना उभी राहते. पावसाळ्यांत चार दिवस ती गढूळ पाण्यानें दुथडी वाहते, आणि पुढें उन्हाळा येईपर्यंत तिच्या पात्रांत खडक, बाभळी व डबकीं यांचेंच राज्य होतें. त्यामुळें भूगोलाच्या तासाला ‘द्रुतवाह’ हा शब्द मी फळ्यावर लिहितों, तेव्हां तुमच्यापैकीं पुष्कळांच्या चेहऱ्यांवर कांहींच उमटत नाहीं. तो दोष तुमचा नव्हे. जें डोळ्यांनीं पाहिलें नाहीं तें शब्दांनीं कितीसें दिसणार? म्हणून गेल्या मे महिन्याच्या सुटींत आम्हीं सहा शिक्षकांनीं रायगड जिल्ह्यांतील कोलाडजवळ कुंडलिका नदीवर रबरी होडींतून जो प्रवास केला, त्याची हकीकत तुम्हांस व तुमच्या पालकांस सांगावी असें मनांत आलें.

या खेळास हल्लीं सर्वत्र ‘राफ्टिंग’ म्हणतात. आपल्या देशांत त्याचें माहेरघर हिमालय होय. देवप्रयागापाशीं अलकनंदा व भागीरथी यांचा संगम होऊन पुढील प्रवाहास गंगा हें नांव मिळतें. तेथील फेसाळ पाण्यावरून हौशी मंडळी अनेक दिवसांचा प्रवास करीत हृषीकेशास उतरतात. 1977 सालीं एव्हरेस्टवीर सर एडमंड हिलरी यांनीं तर उलटी वाट धरली. सागरापासून निघून ते यांत्रिक होड्यांनीं गंगा चढत गेले, आणि अखेर नंदप्रयागाजवळ धबधब्यानें त्यांस अडविलें. इतक्या दूर जाण्याचें सामर्थ्य शिक्षकाच्या खिशांत नसतें. परंतु आपल्या सह्याद्रीच्या पायथ्याशींहि अशी एक नदी आहे, हें कळल्यावर आम्हांस स्वस्थ बसवेना.

पहांटे नगर सोडून पुण्यावरून आम्ही पौडच्या रस्त्यानें ताम्हिणी घाटाकडे निघालों. वाटेंत मुळशीचा विस्तीर्ण जलाशय लागला. उन्हाळ्यामुळें पाणी बरेंच खालीं गेलें होतें व कांठाची तांबडी माती उघडी पडली होती. येथें थोडा भूगोल सांगितला पाहिजे, कारण पुढील सर्व हकीकतीचें मर्म त्यांत आहे. हें पाणी मुळा नदीचें. ही मुळा म्हणजे आपल्या राहुरीची मुळा नव्हे. ती प्रवरेस मिळते व प्रवरेवाटे गोदावरीस जाते. मुळशीची मुळा पुण्यास मुठेशीं संगम पावून भीमेस मिळते. आपली सीनाहि सोलापूर जिल्ह्यांत हत्तरसंग कुडल येथें त्याच भीमेस मिळते. म्हणजे सृष्टीच्या नियमाप्रमाणें मुळशीचें पाणी व सीनेचें पाणी एकमेकांस भेटून पूर्वसमुद्रास जावयाचें.

परंतु मनुष्यानें तें पाणी अडवून पश्चिमेस वळविलें. टाटांच्या कंपनीनें मुळशीस धरण बांधलें, डोंगरांतून बोगदा नेला, व घाटमाथ्यावरून सुमारें 500 मीटर खालीं कोंकणांत पाणी सोडून त्याच्या जोरावर भिरा येथें विजेचें केंद्र चालू केलें. तें साल 1927. खोपोली 1915 व भिवपुरी 1922 यांच्यामागून आलेलें हें तिसरें केंद्र. त्या विजेवर मुंबईच्या गिरण्या, आगगाड्या व दिवे चालले. चाकें फिरवून मोकळें झालेलें तें पाणी कुंडलिकेच्या पात्रांत उतरतें. म्हणूनच कोंकणांतील पुष्कळ लहान नद्या मे महिन्यांत सुकलेल्या असतांना ही खळाळत असते.

घाट उतरून सायंकाळीं आम्ही कोलाडजवळ नदीकांठच्या एका साध्या निवाऱ्यांत मुक्काम केला. दुसऱ्या दिवशीं सकाळीं पाहतों तों नदींत पाणी बेताचेंच, दगड उघडे! आमचा चेहरा पडला. आमचा गाइड मात्र शांतपणें चहा पीत होता. तो गढवालचा तरुण, गंगेवर कित्येक वर्षें होड्या हांकून इकडे आलेला. तो हंसून हिंदींत म्हणाला, “गुरुजी, आमच्याकडे नदी बर्फाच्या मर्जीनें चालते, इथें ती बटणावर चालते. थोडें थांबा.” आणि खरेंच, वरून पाणी सुटल्याची वर्दी आली. प्रथम दगडांभोवतीं पांढरी किनार दिसूं लागली, मग एकेक दगड दिसेनासा झाला, आणि तासाभराच्या आंत त्या शांत ओढ्याची गर्जणारी नदी झाली.

वर्गांत रोज आज्ञा देणारे आम्ही सहाजण त्या दिवशीं विद्यार्थी झालों. अंगांत तरंगतें जाकीट, डोक्यावर हेल्मेट, हातांत वल्हें. गाइडनें आज्ञा शिकविल्या: पुढें वल्हवा, मागें वल्हवा, थांबा, खालीं बसा. मग तो म्हणाला, “कोणी पाण्यांत पडला तर त्यानें उताणें व्हावें, पाय प्रवाहाच्या दिशेनें पुढें ठेवावे, आणि कांहीं झालें तरी वाहत्या पाण्यांत उभें राहूं नये.” आमच्यांतील गणिताच्या शिक्षकांनीं कारण विचारलें. उत्तर मिळालें तें असें: उभ्या माणसाचा पाय दगडांच्या फटींत अडकतो, आणि मागून येणारें पाणी त्यास आडवें करून दाबून धरतें, मग गुडघाभर पाणीहि जिवावर उठतें. पाय पुढें असले म्हणजे खडकाचा आघात डोक्यावर न येतां पायांवर येतो.

पाणी वाचावयासहि त्यानें शिकविलें. दोन खडकांमधून पाण्याची गुळगुळीत जीभ निघून तिचें टोंक पुढें, खालच्या बाजूस निमुळतें झालें असेल, तर ती वाट मोकळी समजावी. टोंक उलट आपल्याकडे असेल, तर तेथें बुडालेला दगड लपला आहे. मोठ्या खडकाच्या पाठीमागें पाणी उलटें, वरच्या दिशेस फिरत असतें. तेथें होडी क्षणभर विसांवते. जगांत नदीच्या उग्रतेच्या 1 ते 6 अशा पायऱ्या मानतात. कुंडलिका दुसऱ्या-तिसऱ्या पायरीची, म्हणजे नवशिक्यांस झेपणारी. सुमारें 12 किलोमीटरांचा तो प्रवास आहे.

पहिला खळाळ आला तेव्हां होडीचें तोंड खालीं गेलें व समोरून पाण्याची भिंत अंगावर कोसळली. श्वास कोंडला, डोळे मिटले, आणि उघडतों तों आम्ही पलीकडे होतों. सगळेच मोठ्यानें हंसत होतों. त्या हंसण्यांत भीति किती व आनंद किती हें सांगतां येणार नाहीं. तिसऱ्या कीं चौथ्या खळाळांत होडी एका खडकास घांसून तिरपी झाली आणि आमचे चित्रकलेचे शिक्षक दिसेनासे झाले. त्यांची जागा रिकामी, वल्हें पाण्यावर! क्षणभर कोणास कांहीं सुचेना. इतक्यांत दहा-बारा हातांवर लाल हेल्मेट वर आलें. ते उताणे होते व त्यांचे पाय पुढें होते. गाइडनें दोरी फेंकली, तिला त्यांनीं घट्ट धरलें, आणि जाकिटाच्या खांद्यावरील पट्ट्यांना धरून आम्हीं त्यांस वर ओढलें. पुढें पुष्कळ वेळ कोणी बोललें नाहीं. मग तेच म्हणाले, “पोहणें सुचलेंच नाहीं, त्यानें सांगितलेली आज्ञा तेवढी आठवली.”

शेवटचे कांहीं किलोमीटर पाणी संथ होतें. दोन्हीं कांठांवर हिरवी झाडी, मधून खंड्या पक्ष्याची निळी रेघ. ऐन उन्हाळ्यांत इतकें पाणी डोळ्यांपुढें पाहून माझ्या मनांत सीनेचें कोरडें पात्र उभें राहिलें, आणि त्याबरोबर एक नांव आठवलें: सेनापति बापट. आपल्याच जिल्ह्यांतील पारनेर येथें 1880 सालीं जन्मलेल्या पांडुरंग महादेव बापट यांस ‘सेनापति’ ही पदवी लोकांनीं दिली, ती मुळशीच्याच लढ्यांत. धरणाखालीं मावळ्यांचीं भातखाचरें, घरें व देवळें बुडणार म्हणून 1921 सालीं तेथें सत्याग्रह सुरू झाला. लोक बांधकामावर जाऊन बसले, तुरुंगांत गेले. 1924 पर्यंत लढा चालला, बापटांनीं कारावास भोगला. पण धरण झालें, आणि गांवें पाण्याखालीं गेलीं. ज्या लाटेवर आम्ही हंसत होतों, ती लाट त्या शेतांवरून आली होती.

हा हिशेब सोपा नाहीं. त्या विजेनें लक्षावधि लोकांच्या घरांत उजेड पडला. त्या पाण्यावर आज कोंकणांतील शेतें व कारखाने अवलंबून आहेत. नदीकांठच्या तरुणांस या खेळामुळें काम मिळतें. उलट, हें पाणी पुन्हां पूर्वेकडे वळवावें अशी मागणी भीमेच्या तहानलेल्या खोऱ्यांतून होत आली आहे. कोणाचें म्हणणें किती खरें, हें तुम्ही मोठे झाल्यावर अभ्यास करून ठरवा. पण एवढें आजच जाणा कीं जें पाणी आपणांस सहज मिळतें, त्याची किंमत बहुधा दुसऱ्या कोणीतरी आधींच मोजलेली असते.

आपल्यापासून हें दूर आहे असेंहि समजूं नका. नगरच्या नळांस येणारें पाणी राहुरीच्या मुळा धरणांतून येतें, आणि त्या धरणाच्या जलाशयाखालींहि शेतकऱ्यांच्या जमिनी गेल्या आहेत. तेथून उठलेल्यांचीं नातवंडें कदाचित् तुमच्याच बांकावर तुमच्या शेजारीं बसत असतील. त्यांच्या आजोबांचें गांव कोणतें, हें त्यांस एकदां विचारा, आणि ऐकलेलें वहींत लिहून ठेवा. पुढील वर्षीं भूगोलाच्या तासाला मी तें तुमच्याकडून वाचून घेणार आहें.