माल हलला का?

चि. सौ. भाचीबाईस,


तुझं पत्र पोचलं. भूगोलाचे सर बदलून गेले आणि नववीचा भूगोलही तुझ्याच गळ्यात आला, ही तुझी तक्रार. मला विचारशील तर बरंच झालं. विज्ञानाच्या पुस्तकात 'गतीचे नियम', भूगोलाच्या पुस्तकात 'बाह्यप्रक्रिया', आणि दोघांची मुलांच्या डोक्यात कधी गाठच पडत नाही. आता एकाच बाईंच्या तासाला पडेल.

मुलं विदारण आणि झीज यांत गोंधळतात, असं लिहिलंस. गोंधळतील नाही तर काय! दोन्हीकडे खडक फुटतो, एवढंच त्यांना दिसतं. व्याख्या पाठ करून घेऊ नकोस. एकच प्रश्न विचारायची सवय लाव: माल जागेवरून हलला का? नसेल हलला तर ते विदारण. हलला, की झीज आणि वहन. आणि हलायचं म्हटलं की असंतुलित बल लागतं, म्हणजे आलाच की न्यूटनचा पहिला नियम!

विदारण दाखवायला लांब जाऊ नकोस. गावातल्या एखाद्या जुन्या, न बांधलेल्या विहिरीच्या काठाशी मुलांना उभं कर. वर माती, खाली मुरूम, मग कच्चा खडक, तळाशी काळा पाषाण. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचाच तो खडक. पाणी आणि हवा फटींतून शिरली, खनिजं कुजली, पाषाणाचा मुरूम झाला. बांधकाम खात्यात मी जन्मभर ब्रासवर मोजून मुरूम घेतला, पण तो मुळात विदारणाचा माल आहे हे शाळेत कुणी सांगितलं नव्हतं. रस्त्यासाठी डोंगर कापला की कधी कधी गोल गोटे दिसतात, कांद्यासारखे पापुद्रे सुटलेले. तेही तिथेच, जागच्या जागी झालेले. नदीतल्या गोट्यासारखे दिसतात म्हणून मुलं हमखास फसतील. फसू देत, मग पुन्हा तोच प्रश्न विचार.

झिजेसाठी मात्र तुझ्या तालुक्यासारखी जागा नाही. निघोजचं कुंड. कुकडीच्या पात्रात काळ्या कातळाला पडलेले ते रांजणखळगे लोक मळगंगेच्या दर्शनाला येतात तेव्हा बघतात, फोटो काढतात आणि जातात. तू तिथे भौतिकशास्त्राचा तास घे. कातळातल्या लहानशा खळग्यात भोवरा धरतो, त्यात दगडगोटे अडकतात आणि गरगरत राहतात. पुस्तकात एकसमान वर्तुळाकार गतीला घड्याळाचा काटा दिला आहे. काटा काय, तो कुणाला घासत नाही. इथे बघ: दगडाची चाल तीच राहिली तरी दिशा क्षणोक्षणी बदलते, म्हणजे वेग बदलतो, म्हणजे बल हवंच. ते आतल्या बाजूला ढकलणारं बल दगडाला भिंत देते. मग तिसऱ्या नियमानं दगडही भिंतीला तितक्याच जोरानं बाहेर रेटतो. रांजण रुंद होतो तो या रेट्यानं आणि घासण्यानं. खरं तर दगड असा शिस्तीत फिरत नाही, तो उड्या मारतो, तळावर आपटतो, सोबतची वाळूही कातळ घासते. पण नववीला एवढं पुष्कळ झालं. एखाद्या खळग्याच्या तळाशी गोटे सापडले तर हातात घेऊन बघायला सांग. कातळ झिजवताना तेही झिजले आहेत.

चाल मोजायलाही उपकरण नको. ओढ्याच्या काठानं दहा मीटर अंतर टेपनं मोज, वर लिंबू सोड, मोबाइलवर सेकंद मोज. काठाशी आणि मधल्या धारेत आकडे वेगळे येतील, ते येऊ देत. मग सांग की पाण्याचा वेग दुप्पट झाला तर ते ढकलू शकेल अशा दगडाचं वजन ढोबळ हिशेबानं चौसष्टपट होतं. वेगाचा सहावा घात. उन्हाळ्यात लिंबू कसंबसं नेणारा ओढा श्रावणात धोंडे का लोटतो, हे मग वेगळं शिकवावं लागत नाही.

एक गोष्ट सांगू की नको, असं वाटत होतं, पण सांगतोच. माळीण. 30 जुलै 2014. आंबेगाव तालुक्यातलं ते गाव सकाळी डोंगराच्या मातीखाली गेलं, दीडशेहून अधिक माणसं गेली. भूगोलाच्या पुस्तकात 'विस्तृत झीज' म्हणून चार ओळी आहेत, त्याच या. विदारणानं उतारावर भुसभुशीत थर साठवला होता. घर्षणानं तो धरून ठेवला होता. मुसळधार पावसाचं पाणी मुरलं, थराचं वजन वाढलं, कणांमधल्या पाण्याच्या दाबानं घर्षणाची पकड सुटली, आणि जे जागेवर होतं ते हललं. डोंगराकडे नातेवाईक असलेली मुलं तुझ्या वर्गात असतील तर जरा जपून बोल. पण टाळू नकोस. उताराला नवी भेग पडली, झाडं कलली, झऱ्याचं पाणी अचानक गढूळ झालं, तर घर सोडून मोठ्यांना सांगायचं, हे प्रश्नपत्रिकेत नसलं तरी फळ्यावर लिही.

राहिला न्यूटनचा दुसरा नियम. त्याची गणितं तू माझ्यापेक्षा चांगली घालशील, त्यात मी पडत नाही.

कुंडावर जायचं तर पावसाळ्यात मुळीच नको, धरणातून पाणी सुटलेलं असतानाही नको. आधी गावात चौकशी कर. खळगे दिसतात त्याहून खोल असतात आणि कडा गुळगुळीत असतात, तेव्हा कुणालाही काठावर वाकू देऊ नकोस. जावईबापूंना सुटी असेल तर त्यांनाही ने, टेप धरायला माणूस लागतोच. मार्चात गेलात तर मला कळव, माझी जुनी तीस मीटरची टेप पाठवून देतो.

तुझा,
मामा