हेंद्रेपाडा ते कोल्हापूर : थांबत थांबत केलेला हिवाळी प्रवास

उल्हास नदीकाठच्या आमच्या हेंद्रेपाड्यात जानेवारीतली पहाट मुंबईकरांना परकी वाटावी इतकी गार असते. नदीवरचे धुके विरळ होईपर्यंत वडीलधारी मंडळी शालीतून बाहेर येत नाहीत. अशाच दिवसांत, संक्रांतीच्या आधी, आम्ही माझ्या अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईला कोल्हापुरास तिच्या थोरल्या बहिणीकडे नेले. अक्कांची आणि तिची तीन वर्षे भेट नव्हती. पूर्वी ती महालक्ष्मी एक्स्प्रेसने जात असे. आता कल्याण स्थानकाचे जिने आणि रात्रीचा बर्थ तिला झेपत नाही.

आमची मोटार विजेवर चालणारी आहे. अंतर सुमारे साडेतीनशे किलोमीटर. घरातल्या प्रत्येकाला एकच काळजी होती : थंडीत बॅटरी पुरेल ना? वाचकहो, काळजी दुसऱ्याच गोष्टीची करायला हवी होती, हे आम्हाला वाटेत समजले. आपल्या घरातही कुणी वृद्ध असेल, तर तो अनुभव उपयोगी पडेल म्हणून हा लेख.

थंडी आणि बॅटरी

लिथियम-आयन बॅटरीतील रासायनिक क्रिया थंडीत मंदावते, हे खरे. शिवाय पेट्रोल गाडीत इंजिनाची वाया जाणारी उष्णता आतली हवा गरम करते. विजेच्या गाडीत त्यासाठीही बॅटरीच खर्ची पडते. कडाक्याच्या हिमात म्हणूनच एका चार्जमध्ये कापता येणारे अंतर बरेच घटते. तरीही नॉर्वेसारख्या बर्फाळ देशात २०२४ मध्ये विकल्या गेलेल्या नव्या मोटारींपैकी सुमारे ८९ टक्के विजेवर चालणाऱ्या होत्या. आपल्या महाराष्ट्रात तर पारा सहसा शून्यापर्यंत उतरत नाही. उलट उन्हाळ्यातला एसीचा भार नसल्याने हिवाळा या गाड्यांना मानवतो. पायांवर घोंगडी आणि अंगावर स्वेटर असला, की हीटरचीही फारशी गरज पडत नाही.

चढाचे गणित मात्र ध्यानात ठेवावे. बदलापूर, वांगणी, नेरळ, कर्जत हा रस्ता माथेरानचा डोंगर उजव्या हाताला ठेवून जवळजवळ सपाटीने जातो. खोपोलीनंतर बोरघाट लागतो आणि लोणावळ्यापर्यंत सुमारे सहाशे मीटर उंची गाठावी लागते. माणसांसह सतराशे किलोच्या गाडीला केवळ तेवढे वर उचलण्यासाठी जवळपास तीन युनिट वीज लागते. उतारावर तिचा काही भाग बॅटरीत परत येतो.

थांबा नक्की कुणासाठी?

पहाटे निघण्याचा मोह आम्ही टाळला. थंडीत रक्तवाहिन्या आकुंचन पावतात व रक्तदाब वाढतो. धुक्यात वाहन चालविणेही धोक्याचे. सकाळी नऊला, ऊन वर आल्यावर निघालो. लोणावळ्याला थोडे थांबलो, पण आई गाडीतून उतरली नाही. “मला काही नको,” एवढेच म्हणाली.

शिरवळजवळ ठरविलेले चार्जिंगचे यंत्र बंद निघाले. बॅटरी एक तृतीयांश शिल्लक होती, म्हणून निर्धास्तपणे पुढचे ठिकाण गाठता आले. तिथे पाऊण तास थांबणे भाग होते. आईला उन्हात खुर्चीवर बसविले आणि तिची पाण्याची बाटली उचलली, तर ती घरून भरली तशीच जड. सकाळपासून तिने घोटभरही पाणी घेतले नव्हते. लघवी वाढविणारी, रक्तदाबाची सकाळची गोळीही पर्समध्येच होती. विचारल्यावर ती हळूच म्हणाली, “अरे, आता गाडीलाच थांबावं लागलं म्हणून बरं. माझ्यासाठी थांबा, असं म्हणायला जीव धजत नाही.”

वाचकहो, हे वाक्य मला फार लागले. आपल्या घरातील किती वृद्ध प्रवासात असे तहानलेले बसत असतील! थंडीत तहान आधीच कमी लागते. त्यात पाणी तोडले, तर उठताना रक्तदाब उतरून घेरी येते, बद्धकोष्ठता होते, मूत्रमार्गाचा संसर्ग बळावतो. औषधाची गोळी मनाने गाळणे तर त्याहून वाईट. तिची वेळ बदलायची असल्यास प्रवासापूर्वी डॉक्टरांना विचारावे.

दुसरा धोका निश्चल बसण्याचा. जागतिक आरोग्य संघटनेने २००७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या संशोधनानुसार, चार तास किंवा अधिक काळ बसून प्रवास केल्यास शिरांमध्ये रक्ताची गुठळी होण्याची शक्यता सुमारे दुप्पट होते. ती मुळात कमी असते, हे खरे. पण नुकतीच गुडघ्याची वा खुब्याची शस्त्रक्रिया झालेल्यांनी आणि पूर्वी गुठळी झालेल्यांनी वैद्यकीय सल्ल्यावाचून लांब निघू नये. ही गोष्ट विमानापुरती नाही. मोटार, बस आणि आगगाडीलाही लागू आहे.

म्हणजे चार्जिंगसाठी जो वेळ ‘वाया’ जातो अशी तक्रार ऐकू येते, तोच वेळ वृद्ध शरीराला हवा असतो. त्या दिवसापासून आम्ही नियम केला : चार्जिंग असो वा नसो, दर दीड तासाने गाडी थांबेल आणि सर्वजण उतरतील. कुणीही कुणाला विचारणार नाही. रात्री साताऱ्यात मुक्काम केला. दुसऱ्या दिवशी कराडला कृष्णा-कोयनेच्या प्रीतिसंगमावर, यशवंतराव चव्हाणांच्या समाधीजवळच्या बागेत आई चांगली वीस मिनिटे फिरली आणि बाटलीतले पाणी तिने स्वतःहून संपविले.

निघण्यापूर्वी

बॅटरी एक तृतीयांशाच्या खाली जाण्याआधीच चार्जिंगचा थांबा ठरवावा आणि जवळचे दुसरे ठिकाण हेरून ठेवावे. ऐंशी टक्क्यांनंतर चार्जिंग मंदावते. तेथवर झाले की निघावे. थांबा निवडताना यंत्राच्या वेगाआधी स्वच्छतागृह पाहावे : कमोड आहे का, पायऱ्या किती, धरायला दांडी आहे का.

ॲक्सिलरेटरवरून पाय काढताच या गाड्या झटकन मंदावतात. त्याने मागे बसलेल्यांना मळमळते. वृद्ध सोबत असता ही क्रिया सौम्य ठेवावी. बॅटरी तळाशी असल्याने काही गाड्यांत पाय ठेवण्याची जागा उंच असते व गुडघे वर येतात. गाडी घेण्याआधी घरातल्या ज्येष्ठांना मागच्या आसनावर अर्धा तास बसवून पाहावे. इन्सुलिन डॅशबोर्डच्या खणात ठेवू नये. उन्हात तो खण तापतो.

नदीकाठी राहणाऱ्यांसाठी आणखी एक गोष्ट. २७ जुलै २०१९ रोजी याच उल्हासच्या पुरात महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर व वांगणीच्या दरम्यान अडकली होती आणि हजाराहून अधिक प्रवाशांना बाहेर काढावे लागले होते. घरचे चार्जिंगचे यंत्र पुराच्या जुन्या खुणेच्या बरेच वर, जाणत्या वीजतंत्रज्ञाकडून बसवून घ्यावे.

दुसऱ्या दिवशी दुपारी आम्ही कोल्हापुरात पोहोचलो. अक्का दारातच बसल्या होत्या. दोघी बहिणी बराच वेळ एकमेकींचे हात धरून होत्या. मग अक्कांनी विचारले, “दमलीस का गं?” आई म्हणाली, “नाही. थांबत थांबत आलो.”

आपणही वडीलधाऱ्यांना घेऊन निघाल, तेव्हा त्यांनी ‘थांबा’ म्हणण्याची वाट पाहू नका. आपणच थांबा.